मानसच्या हाताचं उणं

प्रल्हाद मोहिते ब्लॅकटाउनला बस चालवतो. त्याच्या बसने वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसाला कुणी विचारलं, तुमचा ड्रायव्हर दिसतो कसा, तर तो डोकं खाजवत बसेल. बेताची उंची, बेताचं पोट, नाकडोळे चारचौघांसारखे. पण हात बघावेत त्याचे. बोटं अशी वेडीवाकडी, की एक बोट दाखवायला जावं तर दुसरंच पुढे येतं. वाळव्याकडच्या मातीत कबड्डी खेळताना ती मोडली आणि त्यांच्या मनाला येईल तशी जुळली. डावा कोपरा सांभाळायचा तो. चढाईला आलेला गडी त्याच्या बाजूला वळला, की बघणारी माणसं बोलणं थांबवायची म्हणे.

ऑस्ट्रेलियात तो शिकायला म्हणून आला. कसलासा डिप्लोमा होता. तो झाला, त्याचा कागद कपाटात गेला आणि प्रल्हाद बसवर गेला. मग कऱ्हाडची चित्रलेखा लग्न करून आली, सुखदा झाली, घर झालं. सगळं होत गेलं, कबड्डी तेवढी राहिली.

त्या राहिलेल्या कबड्डीपायी त्याने रविवारी सकाळी घरामागच्या मैदानावर आपल्या लोकांची पोरं जमवायला सुरुवात केली. पोरं आली, महिनाभर गवतात लोळली, मग एकेक गळाली. कुणाला क्रिकेटचं कोचिंग, कुणाला सिलेक्टिव्ह शाळेच्या परीक्षेचा क्लास. एका आईने तर सांगितलं, ह्याच्या पँटचे हिरवे डाग निघत नाहीत हो, त्यापेक्षा बुद्धिबळ बरं. शेवटी एकच पोरगा उरला, आणि तो आपल्यातला नव्हताच.

तो कुंपणापलीकडचा. टोंगा बेटावरची सालोटे नावाची बाई मोहित्यांच्या भिंतीला लागून असलेल्या जोडघरात राहायला आली होती. म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये कामाला, नवरा सोडून गेलेला. तिच्या परसात अळू माजलं होतं. परक्या देशात असं अळू बघून चित्रलेखाला काही राहवेना. कुंपणावरून तिने पानं मागितली आणि वड्या करून पाठवल्या. सालोटे त्याच पानांत नारळाचं दूध आणि मांस घालून शिजवणारी. तिने वडी उलटसुलट करून बघितली, खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पानांचा भाराच आणून टाकला. तो भारा उचलून आणणारा तिचा मुलगा मानासे. मोहित्यांच्या घरात त्याचा मानस झाला.

नऊ वर्षांचा मानस चौदाचा दिसायचा. रग्बीच्या क्लबात त्याच्या वयाच्या पोरांच्या आया तक्रार करायच्या, म्हणून त्याला मोठ्यांत टाकायचे, आणि मोठे त्याला तुडवायचे. प्रल्हादने त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, जा, कोपऱ्यात उभा राहा.

"थांब," हा त्याने शिकवलेला पहिला शब्द. "येऊ दे," हा दुसरा. अंगावर येणाऱ्यावर आपण झेपावायचं नाही, पाय हलके ठेवायचे, तो जवळ येईपर्यंत दम धरायचा. आणि तो निसटायला लागला, की मग तिसरा शब्द. "पकड." अंगठा आत, बोटं बाहेरून, मनगट असं धरायचं की आभाळ पडलं तरी सुटता कामा नये. सुरुवातीला मानस मराठी शिकला ती एवढीच. पुढे त्यात "काकू, पोळी" ह्याची भर पडली, आणि मोहित्यांच्या घरात वावरता वावरता तो सगळंच बोलायला लागला. सगळ्यांना तो अरेतुरे करायचा, कारण मराठीत दुसरंही काही असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगावं असं कुणाला वाटलंही नाही. सुखदाच्या पानातली पोळी तो उचलायचा, सुखदा त्याच्या पाठीत गुद्दा घालायची आणि स्वतःचाच हात चोळत बसायची.

पोरगा वाढत गेला तो थांबेचना. स्वयंपाकघराच्या दाराला कपाळ आपटायला लागला, तेव्हा चित्रलेखाने चौकटीला वरून उशीचा तुकडा शिवून लावला. शाळेच्या रग्बीत कुणीतरी त्याला पाहिलं आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजाने फुटबॉल खेळायला बोलावून नेलं. शिक्षण फुकट, वर जेवणही फुकट. हे जेवण फुकट म्हणणाऱ्याने पोराला जेवताना बघितलेलं नसणार, असं चित्रलेखा म्हणाली.

तिकडचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळतात. मधोमध एक जण चेंडू फेकायला उभा असतो. त्याची नजर लांब, आणि पाठ उघडी. त्याच्या अंगावर धावून येणाऱ्या दांडग्यांना अडवायला कडेला जो राखणदार असतो, त्याला म्हणतात टॅकल. मानस डाव्या बाजूचा टॅकल झाला. चेंडूला त्याने हात लावायचा नसतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. चुकला तरच घेतात. प्रल्हादला हे लगेच पटलं. आपला डावा कोपराच की हा, म्हणाला.

चार वर्षं रविवारी सकाळी चहा घेत त्याने मानसचे खेळ टीव्हीवर बघितले. तिकडचा शनिवार इकडे रविवारी उजाडतो. चेंडू जाईल तिकडे सगळ्यांसारखी त्याचीही मान जायची. जिंकले की सालोटेच्या भिंतीवर थाप मारायची, हरले की चहा गार व्हायचा.

मानसचा शेवटचा हंगाम संपला आणि कोरोना आला. एप्रिल सरताना तिथले पैसे देऊन खेळवणारे मोठे संघ कॉलेजातली पोरं निवडतात. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी संघांची माणसं गावोगाव फिरून पोरांना पळवतात, उड्या मारायला लावतात, हातपाय मोजतात. त्या वर्षी सगळंच बंद. कॉलेजाने पोरांना घरी जा म्हटलं. मानस विमानं बंद होता होता कसाबसा सिडनीला पोचला, नियमाप्रमाणे दोन आठवडे स्वतःच्या खोलीत बसला, आणि सुटल्या दिवशी कुंपणाशी येऊन उभा राहिला. चार वर्षांत खांदे कपाटाएवढे झाले होते, तोंड मात्र तेच.

"काका," तो म्हणाला, "मला बघायला कोणी येणार नाही. आता तू बघ."

त्याच्या एजंटने सांगितलं होतं, की संघ आता व्हिडिओ बघतील आणि फोन करतील, बस. डिसेंबरात चार-पाच संघांनी चौकशी केली होती. आता एकच उरला होता. त्या एका संघाच्या मनात मानसला अगदी शेवटच्या फेरीत घ्यायचं होतं. पण कशावर तरी अडलं होतं, आणि कशावर ते सांगत नव्हते.

मग मापं घ्यायची ठरली. चित्रलेखाने शिवणाच्या मशीनमधली टेप काढली, तिने आयुष्यभर ब्लाउजच्या बाह्या मोजलेल्या. मानसचे दोन्ही हात पसरून मोजताना टेप संपली, तेव्हा हसावं की दृष्ट काढावी हे तिला कळेना. पळण्याचा व्हिडिओ मैदानावर करायचा होता, पण बाहेर दोन माणसांच्या वर एकत्र यायचं नाही असा तेव्हा कायदा होता. एक मानस झाला, दुसरा फोन धरणारा प्रल्हाद झाला. म्हणून चित्रलेखा कुंपणाबाहेरून एकटीच व्यायामाला निघाल्यासारखी चालायची आणि हात न दाखवता डोळ्यांनीच सूचना करायची. एकदा पोलिसांची गाडी हळू झाली. तिने तिथल्या तिथे हात गोल फिरवायला सुरुवात केली, अगदी योगाच्या बाईसारखी. गाडी गेली. त्या दिवसांत मोहित्यांकडे कुणी मोठ्याने हसलं असेल तर ते एवढंच.

व्हिडिओ गेले. संघाचा एक माणूस स्वतः प्रल्हादशी बोलणार, असा निरोप आला. पोराला पहिल्यांदा उभं राहायला कुणी शिकवलं, त्याच्याशी बोलायची त्यांची पद्धत होती. बोलायचं तर आधी नीट बघायला हवं, म्हणून प्रल्हादने मानसचे जुने खेळ पुन्हा लावले.

या वेळी त्याने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि चिकटपट्टीने पडद्याच्या मधोमध लावला. चेंडूवाला झाकला, चेंडू झाकला, गुणांचा आकडाही झाकला. उघडी राहिली फक्त डावी कड, आणि तिथे मानस. निवडायला बसलेल्या माणसाने असंच बघायचं असतं. जिंकलो का हरलो हे कळलं, की डोळा खोटं बोलायला लागतो.

पाय बघून त्याचा ऊर भरून आला. एकशे चाळीस किलोचं धूड, पण पाऊल असं टाकायचा जसं झोपलेल्या मुलाशेजारून आई उठते. थांबायचा. येऊ द्यायचा. समोरचा फसवायला डावीकडे झुकला तरी हा जागचा हलायचा नाही. प्रल्हाद एकटाच बोलत होता पडद्याशी, शाब्बास, शाब्बास. मग खेळ उत्तरार्धात गेला, मानस दमला, समोरचा दांडगा त्याच्या बाहेरच्या खांद्यावरून निसटला. आणि मानसचा हात मिटला.

प्रल्हादने ते मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग दुसरा खेळ लावला, मग तिसरा. दमला, की हात मिटायचा. अंगठा आत, बोटं बाहेरून. त्या खेळात राखणदाराने उघड्या तळव्यांनी छातीवर रेटायचं असतं. निसटणाऱ्याला धरून ठेवलं, की पंच पिवळा रुमाल फेकतो आणि अख्खा संघ मागे ढकलला जातो. हे प्रल्हादला चार वर्षं माहीत होतं. पिवळे रुमालही त्याने पाहिले होते आणि दर वेळी पंचालाच शिव्या घातल्या होत्या. पुठ्ठा लावल्यावर पंच दिसेना. दिसला तो स्वतःचा हात.

चित्रलेखा चहा घेऊन आली तर हा पडदा बंद करून बसलेला. तिने विचारलं, काय झालं. त्याने आपला उजवा हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. इतकंच. तिने चहा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याने मानसला सांगितलं. सांगायला घाबरला होता. त्यामानाने मानसने ते अगदी सहज घेतलं. त्याला ठाऊक होतं. चार वर्षं तिथले कोच हेच ओरडत होते.

"ते विचारतात, हे तुला कोणी शिकवलं," मानस म्हणाला.

"मग?"

"मी सांगतो ना. माझा काका." आणि तो हसला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग दोघं त्या हाताच्या मागे लागले. चित्रलेखाचे ओव्हनमधून ट्रे काढायचे जाडे हातमोजे मानसच्या पंजांवर दोरीने बांधले, म्हणजे हात मिटायलाच नको. धावून यायला त्याच्या मापाचा गडी हवा होता. कायद्याने दुसरा माणूस एकच, आणि तो होता पन्नाशी ओलांडलेला प्रल्हाद. तो पळत यायचा, म्हशीला बोकडाने धडक द्यावी तशी धडक द्यायचा आणि गवतात बसायचा. मानस त्याला उठवायचा. पुन्हा. शिफ्ट सकाळची असली तर दुपारी, दुपारची असली तर सकाळी. बस त्या दिवसांत रिकाम्याच धावायच्या. प्रल्हाद आख्खी फेरी हात उघडण्याचा विचार करत चालवायचा. मोजे असताना सगळं छान व्हायचं. मोजे काढले तरी पहिला अर्धा तास छान व्हायचं. मग श्वास लागायचा, प्रल्हाद बाजूने निसटायचा, आणि मनगटाभोवती ती पकड बसायची. एकदा इतकी घट्ट बसली की मानस स्वतःच आपल्या हाताकडे बघत राहिला.

"सॉरी, काका."

"सोडायची घाई करू नको," प्रल्हाद म्हणाला. "सुटेल."

सुटेल हे तो खोटं म्हणत नव्हता. त्याने तसे हात पाहिले होते. बारा वर्षांची सवय जायला वेळ लागतो, पण जाते.

आता इथे प्रल्हादच्या मुलखातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं उगाच वेडेपणाचं वाटेल. त्याच्या वेळी जिल्ह्याच्या संघाची निवड असली, की प्रत्येक वस्ताद आपापलं पोरगं घेऊन समितीपुढे उभा राहायचा आणि आधी पोराचं उणं सांगायचा. हा डाव्या पायावर कच्चा आहे. ह्याला राग लवकर येतो. कौतुक समितीने करायचं. वस्तादाने केलं तर ते मागतकऱ्यासारखं दिसायचं. उणं सांगून झालं, की एकच वाक्य म्हणायचं: हे माझ्याकडे लागलं. म्हणजे हे भरून काढायचं काम माझं. ज्याचा वस्ताद असं बोलला, तो पोरगा निम्मा निवडल्यातच जमा. जो वस्ताद नुसती स्तुती करायचा, त्याच्या पोराकडे समिती तिरक्या नजरेने बघायची, हा काय लपवतोय म्हणून. प्रल्हाद स्वतः असाच निवडला गेला होता. ह्याला घाई फार, असं त्याच्याबद्दल भर मैदानात सांगितलं गेलं, आणि त्याच दिवशी त्याला संघाची बनियन मिळाली.

फोनच्या दिवशी चित्रलेखाने शर्ट इस्त्री करून दिला. खाली चड्डीच होती. लॅपटॉपला ती दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रल्हाद बसला. मानसने समोर बसायचं नाही असं एजंटचं सांगणं होतं, म्हणून तो मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दांडीखाली पालथ्या क्रेटवर बसला. मधे फक्त जाळीचं दार. सालोटे कामावर होती. तिच्या नर्सिंग होममध्ये आजाराच्या धास्तीने नातेवाइकांनाही आत घेत नव्हते, आणि ती दिवस दिवस तिथेच असायची.

पडद्यावर आला तो टोपी घातलेला एक लालबुंद माणूस. त्याच्या मागे त्याच्या घरातली बाळाची खुर्ची दिसत होती. प्रल्हादने त्याला मनातल्या मनात टोपीवाला नाव दिलं. बोलणं इंग्रजीत झालं, आणि बसवर इतकी वर्षं काढलेल्या प्रल्हादला इंग्रजीची काही अडचण नव्हती.

टोपीवाल्याने विचारलं, मुलगा कसा आहे. प्रल्हाद म्हणाला, चांगला आहे. झालं, कौतुक संपलं.

"हाताचं काय?" टोपीवाल्याने विचारलं. "आमच्यातल्या दोघा-तिघांना तो हात खटकतोय."

प्रल्हाद सरळ बसला. याचीच तर वाट बघत होता तो.

"हात वाईट आहे," तो म्हणाला. "पाय चांगले आहेत, डोकं थंड आहे. पण दमला की हात मिटतो. ती सवय मी लावली, तो नऊ वर्षांचा असताना."

"जाईल ती?"

"जाईल. पण वर्ष लागेल. रोज, त्याच्या मापाच्या माणसांशी झुंजून. तुम्ही त्याला घ्या. हात माझ्याकडे लागला."

शेवटचं वाक्य इंग्रजीत कसंतरीच झालं. टोपीवाल्याने खाली बघून काही लिहिलं. मग वर बघून म्हणाला, सर, इतकं खरं आम्हाला कुणी सांगत नाही. मनापासून आभार. आणि आभार मनापासूनच होते, त्यात शंका नाही.

प्रल्हाद उठला तो वीस वर्षांनी तरुण झालेला. चित्रलेखाला म्हणाला, झालं काम. इस्त्रीचा शर्ट न काढताच जाळीचं दार ढकलून अंगणात गेला.

मानस क्रेटवरच होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"वर्ष म्हणालास?" त्याने विचारलं.

"वर्षच लागेल रे. खोटं कशाला सांगू? आणि त्यांनी आभार मानले बघ."

मानसने मान हलवली. यंदा तिथे उन्हाळी शिबिर नाही, सरावाचे सामने नाहीत, असं काहीसं तो हळू आवाजात बोलला. सगळ्यांना उद्या उभा करता येईल असाच माणूस हवाय म्हणाला. मग उठला, खांद्यावर पडलेला चित्रलेखाचा ओला टॉवेल नीट दांडीवर टाकला आणि बाजूच्या फाटकातून घरी गेला. पोराला धाकधूक वाटतेय, एवढंच प्रल्हादच्या मनात आलं.

सांगितलं ते सुखदाने. तिची युनिव्हर्सिटी घरातूनच, लॅपटॉपवर चालली होती. भिंत पातळ, तिलाही ऐकू गेलं होतं. कानावरचे हेडफोन गळ्यात अडकवून ती बाहेर आली आणि बापासमोर बसली.

"बाबा, रेफरन्स देताना असं नाही बोलत कुणी."

"असं म्हणजे कसं?"

"तिथे सगळे ग्रेट म्हणतात. नुसतं गुड म्हटलं तरी लोक समजतात, काहीतरी गडबड आहे. आणि तुम्ही बॅड म्हणालात. त्याच्या घरच्या माणसाने बॅड म्हटलं, बाबा. ते त्याच्या दुप्पट धरणार."

"मी हमी घेतली की. माझ्याकडे लागला म्हणालो."

"ते त्यांना कसं कळणार?"

प्रल्हादने चित्रलेखाकडे बघितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता तिचे हात थांबले.

"अहो," ती म्हणाली, "दोन महिने म्हणाला असतात, तर तुमचं काय जात होतं?"

त्याने एजंटला फोन केला, मला पुन्हा बोलू द्या म्हणून. एजंट गोड बोलला. आता मागे लागलं तर आणखी वाईट दिसेल, म्हणाला. प्रल्हाद दोन दिवस मैदानावर जाऊन उभा राहिला. मानस आला नाही. पाय दुखतोय, असा निरोप सुखदाच्या फोनवर आला.

निवडीच्या वेळी एकमेकांच्या घरी जायची बंदी होती. एरवी सालोटेच्या हॉलमध्ये सगळे जमले असते, चर्चमधली माणसं आली असती, अख्खं डुक्कर भाजलं असतं. त्याऐवजी दोन घरं आपापल्या टीव्हीसमोर बसली. तोच कार्यक्रम, पण सालोटेकडचा आवाज थोडा मागून यायचा. मोहित्यांच्या घरात एक नाव पुकारलं जायचं आणि श्वासभराने तेच नाव भिंतीतून पुन्हा यायचं. पहिल्या दोन दिवसांत मानसचं नाव येणार नव्हतंच. ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरा दिवस इकडे रविवारी सकाळी संपायचा. शेवटची फेरी आली. टोपीवाल्याच्या संघाने डाव्या बाजूचा टॅकल घेतला. नाव दुसरंच होतं.

त्या निवडलेल्या पोराचे पाय प्रल्हादने आधीच व्हिडिओत पाहिले होते, पुठ्ठा लावून. जड होते. त्या पोराबद्दल त्याच्या कोचने सांगितलं होतं, की असा खेळाडू मी जन्मात पाहिला नाही. हे मागाहून एजंटकडून कळलं.

निवड संपल्यावरही तासभर आशा असते. राहिलेल्यांना संघ फोन करून बोलावतात. मोहित्यांच्या घरात तिघं जण भिंतीला कान लावल्यासारखी बसली होती. पलीकडे फोन वाजला नाही. बऱ्याच वेळाने टीव्ही बंद झाल्याचं तेवढं कळलं. चित्रलेखाने पोळ्या केल्या. सवयीने चळत मोठी झाली. तिने ती तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली आणि कुणाला काही न सांगता मोरीत तोंड धुवायला गेली. बराच वेळ आली नाही.

आठवडाभराने प्रल्हाद कुंपणाशी गेला. सालोटे मास्क लावून, नर्सिंग होममध्ये काम करते म्हणून चांगली लांब उभी राहिली. तिने सांगितलं, मानासे झोपलाय. दिवसाचे अकरा वाजले होते.

"माझ्यावर रागावलाय?" प्रल्हादने विचारलं.

ती म्हणाली, नाही. मीच रागावले होते, तर तो मलाच ओरडला. म्हणाला, काका काय चुकीचं बोलला? वर्ष लागेल हे खरंच आहे.

"मग येत का नाही?"

सालोटेने मास्क वर ओढला. डोळेच दिसत होते तिचे. "तो म्हणतो, त्याच्यासमोर गेलो की तो माझा हात बघणार. मला आता हात बघून घ्यायचा नाही कुणाकडून."

प्रल्हादला खूप बोलायचं होतं. वाळव्याची रीत सांगायची होती, समिती सांगायची होती, घाई फार म्हणून आपल्याला मिळालेली बनियन सांगायची होती. ते सगळं कुंपणावरून, मास्कमधून, अंतर ठेवून कसं सांगणार? तो म्हणाला, त्याला सांग मी आलो होतो. ती हो म्हणाली आणि तिने सांगितलंही असेल.

हिवाळ्यात मानसला कामावर घेतलं, शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात. सगळं जग घरात बसून सामान मागवत होतं आणि खोकी उचलायला माणसं हवी होती. असं चित्रलेखाला सालोटेकडून कळायचं आणि तिच्याकडून प्रल्हादला. एकदा ती म्हणाली, तिथे सगळ्यात जड खोकी त्यालाच देतात. प्रल्हाद जेवत होता. त्याने पाणी मागितलं.

एका संध्याकाळी गोदामांच्या रस्त्यावरून त्याची बस परत येत होती. थांब्यावर पिवळ्या जाकिटातली माणसं उभी होती, त्यांच्यात एक डोकं सगळ्यांच्या वर. बस थांबली. ड्रायव्हरजवळच्या जागा तेव्हा दोरी बांधून बंद केल्या होत्या. चढणारा कार्ड टेकवून सरळ मागे जायचा. मानसने कार्ड टेकवलं. मास्कच्या वर त्याचे डोळे प्रल्हादच्या डोळ्यांना लागले, आणि त्याने मान हलवली, जशी कुणीही ओळखीच्या माणसाला हलवतो. मग मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

प्रल्हादने बस हळू चालवली. सिग्नल हिरवा असला तरी हळू. आरशात तो खिडकीला डोकं टेकून बसलेला दिसत होता. शेवटच्या थांब्यापर्यंत गेला असता तर बस रिकामी झाल्यावर उठून मागे जाता आलं असतं. पण त्याचा थांबा आधीचा. तो प्रल्हादचाही थांबा, दोघांच्या घरांसमोरचा.

इथे बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरचे आभार मानतात. मागच्या दाराने उतरले तरी तिथून मोठ्याने म्हणतात, आणि ओळखपाळख नसली तरी त्याला मेट, म्हणजे दोस्त, म्हणतात. मानसच्या पुढे दोघं होते, ते म्हणाले आणि उतरले. त्यांच्यामागे मानस आला, दारातून जाताना मान वाकवली.

"थँक्स, मेट," तो म्हणाला.

"नो वरीज," प्रल्हाद म्हणाला. दिवसभर तोंडात तेच असतं, तेच बाहेर पडलं.

दार मिटलं. प्रल्हादने आरशात बघत बस काढली. पुढच्या थांब्यावर एक बाई हात करून उभी होती. तिला ओलांडून बस बरीच पुढे गेली, तेव्हा कुठे त्याचा पाय ब्रेकवर आला.